सुमेधने न दाखवलेला ड्राफ्ट

सुमेध, आज वर्ष झालं आणि मला अजून तुझा रागच येतोय.

लोक अशा दिवशी गोड गोड लिहितात. मला नाही जमत.

ज्यांना सुमेध माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मांडवगण फराट्याचा मुलगा. इंजिनिअरिंगला माझ्या वर्गात. तो सकाळी गावाहून दौंडला यायचा, मी रेल्वे क्वार्टरमधून चालत स्टेशनवर, आणि मग दोघं पुण्याच्या डेमू गाडीत. चार वर्षं.

त्याच्या आजोबांना, म्हणजे आबांना, दिसत नाही. मोबाईलमधलं एक मोफत सॉफ्टवेअर त्यांना बातम्या वाचून दाखवतं. मराठी बरं वाचायचं, पण आकडा आला की घोटाळा. अडुसष्टचं सुटं सुटं सहा आठ करायचं.

"शिरूरला सहा आठ मिलिमीटर पाऊस."

आबा वैतागायचे. "सहा पडला का आठ? एक काय ते सांग की लेका!"

सुमेधने ते मनावर घेतलं.

ते सॉफ्टवेअर ओपन सोर्स. म्हणजे कुणीही त्यात काम करू शकतं. त्यांची उन्हाळ्यात मेंटॉरशिप असते. तीन महिने एक जाणकार माणूस ऑनलाइन तुम्हाला शिकवतो आणि तुमचं काम जगभरातल्या फोनमध्ये जातं. त्यासाठी प्रपोजल लिहून अर्ज करायचा. सुमेधला ती हवी म्हणजे हवीच होती. प्लेसमेंटच्या रांगेत उभा राहूनसुद्धा तो तेच बोलायचा.

मराठीत शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं. ते सगळं त्याने एकट्याने कोडमध्ये बसवलं. तारखा, वेळा, पावणेदोन, साडेतीन, सगळं.

आणि कुणाला दाखवलं नाही.

त्या मेंटॉरशिपची रीत आपल्याकडच्या उलट आहे. तिथे कच्चं काम आधी ग्रुपवर टाकायचं. सगळ्यांसमोर विचारायचं, चुकायचं, सुधारायचं. मग अर्ज.

मी दर आठवड्याला सांगायचे, "टाक ना रे ड्राफ्ट."

"पूर्ण होऊ दे, मग दावतो."

"अरे, पूर्ण झाल्यावर दाखवून काय उपयोग?"

"तुला कळत न्हाई, स्वाते."

शेवटच्या दिवशी प्रपोजल गेलं. कोड तरीही नाही, कारण म्हणे अजून एक हात फिरवायचाय.

नकार आला. मेंटॉरने वर स्वतःहून लिहिलं होतं, कल्पना उत्तम आहे, पण तुझं काम आम्ही पाहिलेलंच नाही. पुढच्या वर्षी लवकर ये, जसं असेल तसं दाखव.

दौंड स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी त्याला चांगलं झापलं.

मग म्हणाला, "तुझं ठीक हाय. तू चुकलीस तर स्वाती चुकली. मी चुकलो तर म्हणतील, ह्यांचं असंच असतंय."

चौथीत गुरुजींनी त्याची वही वर्गभर फिरवली होती. चुका दाखवायला. त्यावर बौद्धवाड्यातल्या पोरांबद्दल काहीतरी बोलले होते. काय बोलले, ते त्याने मला कधीच सांगितलं नाही.

आमच्या घरात कुणाला असलं ऐकावं लागलेलं नाही. तरी म्हटलं, "अरे, त्या परदेशी लोकांना आपली आडनावं वाचून काय कळणार आहे?"

"कळंल की. कुणीतरी सांगंल."

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. फाइलींची नावं फायनल, फायनल टू, फायनल लास्ट. मागितलं की "दावतो."

तापाचंही तसंच केलंस, सुमेध.

तुझ्या आईंना सांगितलंस थकवा आलाय. मला सांगितलंस गावात नेट नाही. अर्ज एकदा जाऊ दे, मग डॉक्टर. डेंग्यू होता. शिरूरहून पुण्याला हलवलं तेव्हा उशीर झाला होता.

अर्ज गेलाच नाही.

महिन्याभराने आईंनी मला बोलावून लॅपटॉप हातात दिला. "त्याचं काय राहिलंय ते बघ बाई. मला त्यातलं काय कळतंय."

काय राहिलं होतं? काहीच नाही. काम वर्षभरापूर्वीच झालेलं होतं. नंतर नुसतं खोडून खोडून तेच लिहिलेलं.

मी ते सगळं ग्रुपवर टाकलं. तुला न विचारता. वर तुझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि तू गेलास हेही. टाकताना तुझ्या वाट्याची भीती मला वाटली.

अकरा चुका निघाल्या.

कुणी हसलं नाही. कुणी काही विचारलं नाही. ब्राझीलमधल्या एका बाईंनी दोन दुरुस्त केल्या, बाकीच्या मी. मेंटॉर म्हणाला, एवढ्या तर माझ्याही निघतात. जेवायच्या वेळेपर्यंत काम संपलं होतं.

एका सकाळचं काम होतं रे.

एवढ्यासाठी दोन वर्षं घाबरत राहिलास. आणि ज्यांनी तुला घाबरायला शिकवलं त्यांचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग येतो. त्यांना असल्या पोस्टमध्ये टॅग करता येत नाही, एवढंच.

भावपूर्ण वगैरे नाही जमणार आज. रागासकट श्रद्धांजली घे.

जय भीम, मित्रा.