टोरांटोच्या पार्किंगमध्ये रुसलेली वरमाय

माझ्या मंगेशच्या लग्नात मी ठरल्याप्रमाणे, अगदी वेळेवर रुसले.

पुढं जे बिघडलं ते समोरच्यांमुळे. माझ्या रुसण्यात काडीची खोट नव्हती!

आमच्या रिठद गावाकडे नवरदेवाच्या आईनं, म्हणजे वरमायनं, लग्नात रुसायचंच असतं. का, असं विचारायचं नाही. नवरदेव बाशिंग का बांधतो, असं कोणी विचारतं का? अक्षता पडल्या की पंगतीच्या आधी वरमाय जानोशावर, म्हणजे वऱ्हाड उतरतं त्या जागी, तोंड फिरवून बसते. कारण कोणतंही चालतं. विड्यात कात कमी पडला, चालतं. उन्हं फार आहेत, तेही चालतं. मग नवरीची आई चार बायका घेऊन येते, कुंकू लावते, ओटी भरते, साडी देते, हातापाया पडते. वरमायनं आधी अजिबात ऐकायचं नाही, मग अर्धवट ऐकायचं, आणि शेवटी "बरं बाई, तुमच्या मनासाठी" असं म्हणत साऱ्या मांडवावर उपकार केल्यासारखं उठायचं. ती उठली की पंगत बसली!

माझ्या लेकीच्या लग्नात किन्हीराजा गावच्या विहिणीनं मला असं खेळवलं होतं की तिची समजूत निघेपर्यंत भाजीवर साय धरली. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, सुमन, थांब. देवानं तुला एक मुलगाही दिला आहे.

तर तो मुलगा नोकरीसाठी कॅनडात गेला आणि त्यानं तिकडेच लग्न ठरवलं! मुलगी अनया, तिकडेच जन्मलेली. तिचे आईवडील मूळचे अकोल्याचे, पण तिकडे जाऊन त्यांना उमर लोटलेली. लग्न टोरांटोला, हॉलमध्ये, शनिवारी सकाळी, कारण शनिवारी सगळ्यांना सुट्टी असते. (मुहूर्त कोणता, असं मी विचारलं. मंगेश म्हणाला, "आई, पार्किंग मिळतं तो मुहूर्त.")

निघायच्या आधी माझी धाकटी जाऊ, कमल, भरीत करताना सहज बोलल्यासारखं बोलली, "जाऊबाई, तिकडच्या लोकायले रुसनं गिसनं समजते काय?"

"न समजाले काय झालं? अकोल्याचे हाईत."

"अकोला सोडून जमाना झाला त्याइले. इसरले असतीन."

"इसरले असतीन तं आठोन करून देऊ!"

"मंग आमाले फोनवर दाखवजा बरं. समदी गल्ली जमा करून ठेवतो."

"ठेव! आख्खं रिठद जमव!"

हे असं बोलणारी मी तेव्हा साठीला टेकलेली होते, म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता.

लग्न लागलं. आता रुसायचं, तर जानोसा कुठं? हॉलमध्ये एक खोली होती, तिच्यात फोटोवाले बसले होते. बाथरूममध्ये वरमायनं रुसणं बरं दिसत नाही. मग मंगेशच्या मित्राची गाडी आठवली, जिच्यातून आम्ही आलो होतो. किल्ली आमच्या ह्यांच्या खिशात होती. मी म्हटलं, "चला, मले गाडी उघडून द्या."

"काहून? काही राह्यलं का आत?"

"मी रुसली."

"आता? जेवनाच्या टायमाले?"

"जेवनाच्या टायमालेच रुसा लागते!"

त्यांनी मागचं दार उघडलं, मी जरीची साडी आवरत आत बसले, त्यांनी दार लावलं आणि ते गुलाबजामच्या दिशेनं निघून गेले. माझ्या बाजूला, सीटच्या मधोमध, मित्राच्या लेकराची ती पट्ट्यांची खुर्ची घट्ट बसवलेली होती. मी तिच्याकडे पाठ केली आणि तोंड फुगवलं. कारण तयार होतंच: वरमायला चहा कागदी कपात दिला!

थोड्या वेळात कोणीतरी आलं. काचेवर टकटक. मी मान आणखी फिरवली. पण ती विहीण नव्हती, लग्नाची व्यवस्था पाहणारी कानात वायर घातलेली मुलगी होती.

"आंटी, आर यू ओके?"

मी उत्तर दिलं नाही. (रुसलेल्या बाईनं लगेच बोलायचं नसतं.) ती म्हणाली, "टेक युवर टाइम, आंटी," आणि पाण्याची बाटली ठेवून गेली. टेक युवर टाइम! रुसलेल्या बाईला कोणी असं म्हणतं का?

मग नवरीचा मामा आला. तो डॉक्टर. त्यानं पुढचं दार उघडून, सीटवरून वाकून माझी नाडी पाहिली, डोळ्यात बॅटरी मारली आणि "प्रवासाचा थकवा" म्हणून निदान करून गेला. मग खुद्द नवरी आली, शालू सावरत. पोरगी गोड.

"आई, तुम्हाला थोडा एकांत हवाय ना? मी समजू शकते. मी सगळ्यांना सांगते, कोणी त्रास द्यायचा नाही!"

आणि तिनं खरंच सगळ्यांना सांगितलं! पार्किंगमध्ये येणारा माणूस माझ्या गाडीजवळ आला की पावलं न वाजवता जाऊ लागला. इतक्या आदरानं मला आयुष्यात कोणी उपाशी ठेवलं नव्हतं.

शेवटी मंगेश धावत आला. "आई, काय लावलंस हे? चल, जेवण सुरू झालं."

"सुरू झालं? वरमायशिवाय?"

"बुफे आहे आई! तो कोणासाठी थांबत नाही!"

"तू जाय. तू पोराकडचा. तू समजावून चालत नाई."

"मग अनयाच्या आईला बोलावू का?"

"खबरदार! सांगून आलेली विहीण चालत नाई. तिले आपोआप समजलं पाह्यजे!"

मंगेशनं कपाळाला हात लावला. (इंजिनिअर झाला तरी कपाळाला हात लावणं त्याच्या बापाचंच.) तो गेला. बाहेर बोचरी थंडी, आत मी. हॉलचं दार उघडलं की जिऱ्याच्या फोडणीचा वास यायचा आणि दार मिटलं की बंद व्हायचा. दुसरी एखादी बाई विरघळली असती. मी नाही! मी फक्त लेकराच्या खुर्चीच्या फटीत बोटं घालून पाहिली. बिस्किटाचे तुकडे सापडले. जरा मऊ पडले होते. खाल्ले. (रुसलेल्या बाईनं पंगतीत जेवायचं नसतं, फटीतल्या बिस्किटांबद्दल रीत काही सांगत नाही.)

इतक्यात पलीकडचं मागचं दार उघडलं. विहीण, मीनाक्षीताई! मी चटकन तोंड पुसून फुगवलं. आता कुंकू लावतील, साडी देतील. पण हातात ना साडी ना कुंकू. त्या खुर्चीच्या पलीकडे बसल्या, धाडकन दार लावून घेतलं आणि समोर पाहत म्हणाल्या, "तुम्ही रुसल्या ना? मग मी पण रुसले."

माझं फुगवलेलं तोंड उघडंच राहिलं. "तुमी? नवरीची माय रुसत नसते!"

"कोणी सांगितलं?"

"रीतच हाय तशी!"

"रीत मले शिकवू नका, विहीणबाई." आणि अचानक त्या बाईच्या तोंडून सगळं अकोला बाहेर आलं! "मी काय इसरली नाई. मले पहिल्या मिनिटाले समजलं तुमी रुसल्या म्हनून. मी मुद्दाम आली नाई!"

"मुद्दाम?"

"मुद्दाम! माह्या लग्नात माही सासू रुसली होती. माह्या मायच्या अंगात ताप. ती जानोशावर जाये, हात जोडे, सासू तोंड फिरवे. पंगती उठल्या, आचारी भांडे घासून गेले. माही माय माह्या लग्नात जेवलीच नाई. तवाच म्या ठरवलं, माह्या पोरीच्या लग्नात कोनाची वरमाय रुसली तं रुसो. मी नाई जानार!"

त्या ताप आलेल्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, पण लेकीच्या मांडवात ताट झाकून बसलेली मी मला चांगलीच आठवत होते. तरी माझं तोंड फुगलेलंच होतं, कारण नुसतं तोंड उतरवलं असतं तर मी हरले असते. त्यांचंही तसंच. दोघी समोर बघत बसलो. पुढं कोणी बसलेलं नव्हतं, तरी इतक्या रागानं त्या सीटकडे कधी कोणी पाहिलं नसेल.

आणि फोन वाजला. हॉलचं वायफाय पार्किंगपर्यंत येत होतं, हे माझं दुर्दैव. कमल! व्हिडिओवर! तिच्या मागं गल्लीतल्या बायका एकीवर एक.

"जाऊबाई! रुसल्या का?"

"रुसली."

"समजावलं का कोनं?"

काय सांगावं? इकडून खुर्ची, तिकडून विहीण, समोरून सगळं रिठद. माझी आजपर्यंतची सारी इज्जत त्या वीतभर फोनमध्ये मावली होती. मी मीनाक्षीताईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे वटारले: मी समजावणार नाही हं!

आणि मला काय झालं कोण जाणे, मी फोन लेकराच्या खुर्चीत उभा केला, पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि खुर्चीवरून वाकून विहिणीच्या कपाळाला बोट लावलं.

"चला विहीणबाई, रुसू नका. दोन घास खाऊन घ्या. तुमच्याबिगर मले जेवन जात नाई."

फोनमधून कमल किंचाळली, "जाऊबाई! उलटं करून राह्यल्या तुमी! तुमी पोराच्या माय हा!"

"मले मालूम हाय मी कोनाची माय हाय!"

"लोकं काय म्हनतीन?"

"जे म्हनाचं ते म्हनू दे! आपल्याकडं पोरीची माय उपाशी राह्यते आन आपन तिले रीत म्हनतो. मी आज मोडली. कोनाले तरास झाला असंन तं सांग त्याले, सुमननं मोडली म्हना!"

मागून एक म्हातारी म्हणाली, "बराबर केलं." दुसरी म्हणाली, "काही बराबर नाई." आणि रिठदमध्ये भांडण लागलं. मीनाक्षीताईंचे डोळे भरले होते, पण नाक अजून वरच. त्यांनी आधी ऐकलं नाही. मग अर्धवट ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "बरं बाई, तुमच्या मनासाठी." (अगदी रीतीप्रमाणे! बाई काहीच विसरली नव्हती.)

मी फोन उचलला. "पाह्य कमल, आता आमी दोघी मानानं उतरतो!" आणि सगळ्या रिठदच्या साक्षीनं दाराची कडी ओढली.

दार उघडेना.

मीनाक्षीताईंनी त्यांचं ओढलं. तेही उघडेना. लेकरं चालत्या गाडीत दार उघडतात म्हणून त्या मित्रानं मागची दोन्ही दारं फक्त बाहेरूनच उघडतील अशी करून ठेवली होती! मधली खुर्ची हलेना, जरीच्या साड्यांत पुढं चढता येईना. मीनाक्षीताईंचा फोन हॉलमध्ये, आणि माझा ठेवून मंगेशला लावला तर रिठदसमोर हार. आम्ही दोघी काचा बडवू लागलो, ओरडू लागलो. दोन-चार पाहुणे लांब थांबले. एकीनं छातीला हात लावून "ऑऽऽ" केलं, सगळ्यांनी प्रेमानं हात हलवले, आमचा फोटो काढला आणि आम्हाला एकांत देऊन ते निघून गेले.

"काय झालं?" कमल फोनमधून ओरडत होती. "उतरून काहून नाई राह्यल्या?"

"उतरतो! घाई कायची?"

तेवढ्यात आमचे हे पार्किंगमधून सावकाश येताना दिसले. मी म्हटलं, "पाह्य, माहेरचं सासरचं समदं एकीकडं, शेवटी आपला मानूस समजवाले आला!" त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं, डोकं आत घातलं आणि म्हणाले, "अवं, माह्यं चूर्न कुठी हाय? पोट गच्च झालं."

फोनमधून कमल म्हणाली, "जाऊबाई, त्याइच्या मिशीले पाक लागला हाय."

मी फोन बंद केला. पदर सावरला, मान ताठ केली, वरमायला शोभेल असा एक पाय बाहेर ठेवला, आणि जिऱ्याचा वास आला तशी जी पळत सुटले ती थेट बुफेच्या टेबलाशी! शेवटच्या पनीरचं भांडं उचलणाऱ्या माणसाच्या हातातून मी ते भांडं ओढून घेतलं, ताट भरलं, पहिला घास तोंडाशी नेला आणि आठवलं: विहीण गाडीतच राहिली!

ताट घेऊनच मागे पळाले. पलीकडचं दार उघडलं, धापा टाकत हात जोडले. "चला विहीणबाई, चुकलं माह्यं! चला जेवाले!"

मीनाक्षीताईंनी माझ्या भरलेल्या ताटाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"नाई येत," त्या म्हणाल्या. "आता मी खरंच रुसली."