फणीचा दात

टॉवेलच्या कारखान्यात मी नवा सुपरवायझर झालो, तेव्हा पळापळ म्हणजेच काम असं मला वाटायचं. मागांच्या खडखडाटात दिवसभर ओरडत फिरायचो. तिथं एक वयस्कर विणकर होते. घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. सगळे त्यांना नुसतं मामा म्हणायचे.

धागा तुटला की बाकीचे गाठ मारून माग लगेच सुरू करत. एकदा मामांच्या मागावर धागा एकाच जागी तिसऱ्यांदा तुटला, तेव्हा ते माग बंद ठेवून त्याच्यापुढं उभेच राहिले. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "मामा, उभ्या उभ्या झोपलात का?"

ते चिडले नाहीत. माझं बोट धरून त्यांनी, धागे जिच्या दातांमधून जातात त्या मागाच्या फणीच्या एका दातावरून फिरवलं. बारीकशी धार टोचली. धागा तिथंच कापला जात होता.

"साहेब, तुमी सगळ्या मागांकडं बघताय की," ते म्हणाले, "म्हणून एकबी दिसंना तुमाला."

मामा केव्हाच काम सोडून गेले. आता अख्खा कारखाना माझ्याकडं आहे. रोज एखाद्या मागापुढं मीही थोडा वेळ नुसता उभा राहतो. साहेबाच्या कानाशी येऊन ओरडायची मात्र कुणाची छाती होत नाही. कुणी ओरडलंच, तर त्याचं बोट धरायला मी कधीचा तयार आहे.