आधी त्यांचं जेवण

जेवायला बसण्याआधी धोंडबाकाका गजभिये गॅलरीत जायचे आणि खाली वॉचमनला विचारायचे, "जेवला का गा?" तो हो म्हणाला की मगच ताटावर बसायचे. पोळ्या गार होतात म्हणून सून प्रीती कुरकुरायची.

ही सवय एकाहत्तरच्या, बांगलादेशाच्या लढाईतली. लढाई पंधरवड्यात आटोपली. पुढची दोन वर्षं मात्र काका पाकिस्तानी युद्धकैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला होते. त्यांच्या सुभेदारानं शिरस्ता घालून दिला होता: आधी कैदी जेवतील, मग पहारेकरी. विशीतल्या काकांचं रक्त तापायचं. ज्यांनी सोबती मारले त्यांना पहिली भाकर काहून? सुभेदार सांगायचा, हे धडधाकट राहिले तरच दिल्लीला समोरच्याशी मान वर करून बोलता येईल. करार झाला, कैद्यांची गाडी सीमेकडे निघाली, तेव्हा ते काकांना पटलं.

लढाईनं गावही हललं. पाटलाच्या ज्या अंगणात त्यांच्या वडिलांना कधी बसू दिलं नव्हतं, तिथं गणवेशातल्या धोंडबासाठी खुर्ची आली. काकांनी दुसरी खुर्ची मागितली, वडिलांना बसवलं, मग स्वतः बसले. हवालदार होऊन निवृत्त झाले, पुढं हिंगण्याच्या कारखान्यात सुरक्षेची नोकरी केली, मनीषनगरात फ्लॅट घेतला.

गेल्या हिवाळ्यात ढाक्याहून अन्वर आणि त्याची बायको नसीमा आले. अन्वरच्या हृदयाचं ऑपरेशन इथल्या दवाखान्यात ठरलं होतं, पण पासपोर्ट पाहून लॉजवाले खोली नाकारत होते. खोली मिळाली नसती तर ऑपरेशनाविना परतावं लागलं असतं. हे कानावर येताच काकांनी आपल्या फ्लॅटची पुढची खोली दिली, पोलिसांत रीतसर नोंद केली. सोसायटीचे सचिव दुर्गेश तावातावानं आले.

"काका, ज्यांच्यासाठी तुम्ही लढले, तेच आज आपल्याले शिव्या देऊन राहिले."

"त्यांच्याशी जमवाचं काम दिल्लीचं हाय. माह्या घरात आलेला माणूस धड परत गेला पाहिजे, तेवढं माहं."

"अन् लोकं मले विचारतील, तर काय सांगू?"

"सांग, हवालदार पहाऱ्यावर हाय."

दुर्गेश हसले नाहीत. पण सोसायटीची बैठकही बोलावली नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. अन्वर दवाखान्यातून खोलीवर आला, त्याच आठवड्यात एका दुपारी काका आडवे झाले ते उठले नाहीत. झोपण्याआधी त्यांनी प्रीतीला हाक मारली होती.

"पाहुण्यांचा गिझर चालून नाही राहिला वं. इलेक्ट्रिशियनले फोन लाव."