गुरामीचा पालक

दुसरा गुरामी मेला त्या सकाळी बोकारे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"कुणी मुद्दाम करतंय का हे?"

"मुद्दाम नाही, सर. पण रमजान मियाँ टँकमध्ये रोटीचे तुकडे टाकतात. मी स्वतः पाहिलंय."

हे वाक्य मी फार सहज बोलून गेलो.

माशांचं काम बघणाऱ्या एका सरकारी ऑफिसात मी असिस्टंट होतो. राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमचं नागपूरचं ऑफिस फायलींसकट भोपाळला आलं. टी. टी. नगरमध्ये क्वार्टर मिळालं, तेव्हा खिडक्यांना काचाही बसल्या नव्हत्या. इथल्या जुन्या संस्थानी नोकरीतले लोक आमच्यात मिसळले गेले. आम्हा नागपूरकरांचं मत असं की हे लोक ढिले. त्यांचं आमच्याबद्दलचं मत कुणी विचारलं नाही. रमजान मियाँ त्यांच्यातले शिपाई, पन्नाशीचे. नव्या नोकरीत कायम होण्याचा त्यांचा कागद साहेबांच्या टेबलावर पडून होता. एक वाईट शेरा पडला असता तर मियाँ घरी बसले असते.

गुरामी हा पालेभाजी खाणारा मासा. खेड्यातल्या तळ्यात हिरव्या पाल्यावर तो वाढवता येईल का, हे पाहायला सहा गुरामी कलकत्त्याहून आणले होते. काही दिवसांत सेक्रेटरी पाहायला येणार होते. टँकचा चार्ज माझ्याकडे.

माशाला भाजी द्यायची तर नुसती तोडून टाकून चालत नाही. कच्चं पान तरंगतं आणि चिवट लागतं. ते मिनिटभर उकळत्या पाण्यात धरायचं, याला ब्लांच करणं म्हणतात. मग गार करायचं आणि दोऱ्याने दगडाला बांधून तळाशी सोडायचं. दुधी सोलून, मटार साल काढून. दोन तासांनी उरलेलं उचलायचं, नाहीतर पाणी सडतं. ऑफिसात स्टोव्ह नव्हता, म्हणून पालक आमच्या घरी उकळला जाई. उकळलेल्या पाण्यात पाल्याचं सत्त्व उतरतं, म्हणून तेही टँकमध्ये ओतायचं, ही अक्कल माझी. डब्यातून निघणारा पालक असा हिरवागार असे की साहेब म्हणत, "वहिनींच्या हाताला रंग आहे."

मियाँविरुद्ध पुरावा हवा म्हणून मी तीन बरण्या मांडल्या. टँकमध्ये शेवाळ खायला बड्या तालाबातल्या गोगलगायी सोडल्या होत्या, त्या माशांच्या आधीच मेल्या होत्या. पाण्यात काही बिघडलं की माशांच्या आधी त्यांना कळतं. तालाबातून नव्या आणून प्रत्येक बरणीत पाच गोगलगायी टाकल्या. पहिलीत नुसतं पाणी. दुसरीत मियाँची रोटी. तिसरीत घरचा पालक, त्याच्या पाण्यासकट. तिसरी बरणी मांडली ती योग्य खाण्याने काही होत नाही हे दाखवायला.

दुसऱ्या दिवशी रोटीचं पाणी गढूळ झालं होतं, पण पाचही गोगलगायी काचेवर मजेत फिरत होत्या. पालकाच्या बरणीत सगळ्या तळाशी, कवचाचं तोंड मिटून पडलेल्या.

मला वाटलं, बरण्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या. पुन्हा मांडलं, पुन्हा तेच. मग जवाहर चौकातून ताजा पालक आणला, धुतला, चिरला आणि कच्चाच चौथ्या बरणीत टाकला. गोगलगायी ठणठणीत. म्हणजे पालक निर्दोष होता. मग बाजार आणि टँक यांच्यामध्ये असं काय होतं?

मध्ये माझं घर होतं.

संध्याकाळी मी बायकोला, सुधाला, विचारलं, "पालक कशात उकळतेस?"

"तुमच्या माशांच्या पातेल्यात."

"माशांचं पातेलं कुठलं?"

तिने मोरीजवळून तांब्याचं पातेलं आणून दाखवलं. आतली कल्हई पार गेलेली, तांबं लालभडक दिसत होतं.

"अहो, तुमचा डबा रोज माशांच्या पाण्यात बुडून येतो. तो आपल्या स्वयंपाकाच्या भांड्यांत कसा मिसळू? म्हणून हे वेगळं काढलं."

"पण कल्हई कुठाय याला?"

"म्हणून तर आपलं वरण करत नाही त्यात. कळकेल. नागपूरला कल्हईवाला दारावर यायचा, इथे अजून एक फिरकलेला नाही. आणि मासे काय तक्रार करणार होते?"

तिचं काही चुकलं नव्हतं. माणसाच्या पोटाची काळजी तिने चोख घेतली होती. पण माणसाला कळणारही नाही एवढं तांबं पाण्यात उतरलं तरी गोगलगाय मरते, आणि मागोमाग मासा. तो हिरवागार रंगही तांब्याचाच होता. सुधाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला ठाऊक होतं. पातेल्यात मी एकदाही डोकावलो नव्हतो आणि वर ते पाणीही माझ्याच हाताने ओतत होतो.

सकाळी साहेबांना सगळं सांगितलं.

"रमजानचा शेरा लिहून झालाय. दुपारी जाईल," ते म्हणाले. "तुमचंही कन्फर्मेशन अडकलेलं आहे. कशाला उगाच अंगावर घेता?"

"पण सर, ते निर्दोष आहेत."

"रोटी टाकली हे खोटं नाही ना?"

खोटं कशाला सांगू, मी दहा मिनिटं व्हरांड्यात नुसता उभा होतो. भीती वाटत होती. मग आत जाऊन माझ्या नावाने कबुली लिहिली. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि रमजानचा लिहिलेला शेरा फाडला.

मियाँ कायम झाले. मला लेखी वॉर्निंग मिळाली आणि माझं कन्फर्मेशन वर्षभर लांबलं. पाणी बदलल्यावर चार गुरामी जगले. सेक्रेटरी आले, मिनिटभर टँकपुढे थांबले आणि विचारून गेले, "चवीला कसे असतात?"

मी मियाँची माफी मागितली. ते स्टुलावरून उठून उभे राहिले.

"साब, मैं तो समझा था मेरी ही रोटी से मरीं। चार रोज़ से घर में रोटी तोड़ते हाथ रुक जाता था।"

पुढे बरीच वर्षं मी टँक सांभाळले, बरण्याही पुष्कळ मांडल्या. पहिली बरणी नेहमी माझ्या घरच्या मालाची असे.