दवाखान्याला बोललेला नवस

माणसं देवाला नवस बोलतात. माझ्या बायकोचे मामा दवाखान्याला बोलतात. उभ्या बुलढाणा जिल्ह्यात असा दुसरा माणूस सापडला, तर माझी सगळी पुस्तकं मी त्याला देऊन टाकीन.

अमडापूरजवळ मामांचा भाजीचा मळा आहे. मामींना तिथेच साप चावला आणि तालुक्याच्या दवाखान्याने त्यांना परत आणलं, तेव्हापासून मामांचं दैवत बदललं. एसटी दवाखान्यापाशी आली की ते हात जोडतात, आणि शेजारचा प्रवासी खिडकीतून देऊळ शोधत राहतो. घरात कुणी अंथरूण धरलं की मामांचा नवस ठरलेला : बरं झालं तर त्याच्या वजनाएवढी भाजी दवाखान्याच्या स्वयंपाकघराला. त्यासाठी मळ्यातल्या चिंचेला भला मोठा तराजू टांगलेला आहे. पहिला मान मामींचा. पण आजारपणाने त्या इतक्या वाळलेल्या, की मामांना तो दवाखान्यावर अन्याय वाटला. "त्यायनं आख्खी बायको देल्ली, अन् मी अर्धीचीच भाजी देऊ काय?" महिनाभर साजूक तुपातला शिरा चारून मगच त्यांनी मामींना पारड्यात बसवलं. उतरताना मामी म्हणाल्या, "इतका शिरा तं लग्नातबी नाई भेटला मले." पुढे पुढे तिथल्या सिस्टरच हात जोडू लागल्या, "मामा, पालक बस झाला, पेशंट पळून जातात." मामा खूश. "म्हंजे पळण्याइतके बरे होऊन राह्यले ना!"

गेल्या हिवाळ्यात माझी बायको त्याच दवाखान्यात होती. खाटेपाशी उभं राहून मामांनी नवस बोलला. ती हसून म्हणाली, "मामा, मले पालकात नका तोलू, तोलता तोलता दिवस जाईन. लाल भोपळ्यात तोला." वीस दिवसांनी ती गेली.

नवसाचा प्रश्न मिटला, असं मी धरून चाललो. खरं म्हणजे मला ती इमारतच नजरेसमोर नको होती. बाजाराला जायचा रस्तासुद्धा मी बदलला होता. तेरवी झाल्यावर मामा दारात उभे.

"चला जावईबापू, तराजूत बसा."

"ती बरी झाली नाही, मामा. आता कसला नवस?"

"नाई झाली, हाव. पन त्या सिस्टर रोज तिची वेणी घालत होत्या. त्याची भाजी कोन देईन?"

"मग मी कशाला बसू?"

"तिले आता कसं तोलू? तुमच्यात जेवढी उरली असन, तेवढी देऊ."

मी बसलो. निम्मे भोपळे बाजूला पडून होते, तोच माझं पारडं वर गेलं. मामा संतापले. "हे काय वजन हाय? उतरा खाली!"

दुसऱ्या दिवसापासून मामींचा डबा सुरू झाला. शिरा. रोज.

काल भोपळ्यांचा ढीग संपला तेव्हा कुठे मामांचं समाधान झालं. पोती एसटीत चढवून आम्ही निघालो. दवाखान्याची कमान दिसली, तसे मामांनी हात जोडले. या वेळी मी मान वळवली नाही. माझेही हात जोडले गेले, आणि पुढच्या बाकावरच्या बाई वाकून वाकून देऊळ शोधू लागल्या.