जागा आली की कडवं

आधीची दोन लेकरं गेली म्हणून तिसरीचं नाव कडू ठेवलं. यमानं चाखावं आणि तोंड वाकडं करून परत जावं, एवढाच आईबापांचा हेतू. यम गेला, पण नाव पोरीच्या जिभेत उतरलं. केज तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावरच्या धनगरवाडीत आज साठी ओलांडलेल्या कडूबाईच्या तोंडी लागायला भलेभले कचरतात.

बाप म्हाळू नावाजलेला ओवीकार. बिरोबानं मेंढरं डोंगर ओलांडून कशी आणली, ही त्याची मोठी ओवी. तिच्यात डोंगरातल्या बेचाळीस जागा, प्रत्येकीचं वेगळं कडवं. कुठला पाणवठा उन्हाळ्यात आटत नाही, कुठल्या खिंडीत लांडगा दबा धरतो, लंगड्या मेंढीला बांधायचा पाला कुठल्या कपारीत सापडतो, सगळं त्यात. पण रिवाज असा की ओवी बाप्यांची आणि ढोलही बाप्यांचाच. म्हाळूनं ओवी दिली धाकट्या लेकाला, राधाकिशनला. कडूबाईला कुणी दिली नाही. तिनं बापाबरोबर मेंढरांमागं चालता चालता ती घेतली.

नवरा वारल्यावर माहेरी आली आणि तिनं बघितलं, वाडीतल्या पोरांना समोरच्या दऱ्याचं नाव सांगता येत नव्हतं. मोबाइलमधली गाणी मात्र तोंडपाठ. तिचा जीव जळाला. शाळेच्या स्वप्नालीबाईंना जाऊन म्हणाली, "पाढे तुमी शिकवा, डोंगर मी शिकविते." बाईंनी आनंदानं शनिवारची दुपार दिली. भरली शाळा बिरोबाच्या देवळात.

तिची रीत न्यारी. बसून घोकणं नाही. पोरांना घेऊन चालायचं, आणि जागा आली की कडवं. पांढरखडीला पोचल्याशिवाय पांढरखडीचं कडवं मिळायचं नाही, कितीही गयावया करा. पोरांचे पाय फुटले, गुडघे सोलले, पण दीड वर्षात बेचाळीसच्या बेचाळीस जागा अंगात मुरल्या. सगळ्यात पुढं तिची नात, लेकीची लेक संस्कृती. अकरा वर्षांची. एके शनिवारी त्या पोरीनं देवळातला ढोल गळ्यात अडकवला आणि असा घुमवला की खालच्या वस्तीवरची माणसं बाहेर आली.

तिथंच माशी शिंकली. दुसऱ्या दिवशी पंचांतले वडीलधारे सटवातात्या देवळाला कुलूप घालून उभे.

"पोरीच्या जातीनं ढोलाला हात लावला. देवाला चालत न्हाई," ते म्हणाले.

"देवानं सांगितलं का तुमाला?"

"रिवाज हाय, कडू. ओवी राधाकिशन गातो. तो हाय तवर कुणाला शिकवायची गरज न्हाई."

"तो गेल्यावर?"

तात्यांनी किल्ली कंबरेला खोवली. कडूबाईला रडू आलं, पण ते तिनं तात्यांना दिसू दिलं नाही. शाळा मेंढरांच्या वाड्यात नेली. ढोल नाही तर पत्र्याचा डबा. दोन आया आपल्या पोरी काढून न्यायला आल्या, तर त्यांनाही तिनं लेंड्यांत बसवून कडवं ऐकवलं. त्या घरी गेल्या त्या पोरी ठेवूनच.

मग जत्रेचा रविवार आला. देवळाच्या आवारात बाप्ये गोल करून बसले, राधाकिशननं ओवी मांडली. कडूबाई पोरांना घेऊन आवाराच्या भिंतीबाहेर, लिंबाखाली. एकदा मांडलेली ओवी अर्धी सोडायची नाही आणि एकही जागा गाळायची नाही, हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणतं. जागा गाळली तर देवाची मेंढरं डोंगरातच राहतात, आणि मग वाडीची तरी कशी परततील?

एकोणतीस जागा झाल्या. राधाकिशन तिसाव्या जागेला, सातपाण्याला पोचला आणि थांबला. पुन्हा तेच कडवं घेतलं, पुन्हा थांबला. मागून सूर ओढत झील धरणारे एकमेकांकडं बघू लागले. त्याचं असं झालं होतं की गेली आठ वर्षं तो मेंढरं टेम्पोत घालून घाटरस्त्यानं नेत होता. सातपाण्याच्या पुढं डोंगरात त्याचा पाय पडला नव्हता. जिथं पाय नाही तिथली ओवी कशी राहील? तिसऱ्यांदाही ओवी सातपाण्यालाच अडली. घामानं पटका भिजला. कडूबाईला भावाची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

भिंतीबाहेरून पत्र्याचा डबा वाजला. संस्कृतीनं एकतिसाव्या जागेची पहिली ओळ टाकली. आजीनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिथंच थांबवलं.

राधाकिशन धावत दारात आला. "आक्का, आत ये. पोरीला आण. पुढचं सांगा."

"आमी कावून यावं? आमाला तर भाईर काढलंय."

मागून तात्या आले. आवाज नरमला होता. "कडू, जत्रंत हट्ट करू नको. ओवी आर्धी ऱ्हायली तर समद्या वाडीचं वाटूळं हुईल."

"आर्धी कावून ऱ्हाईल? आख्खी ओवी हितं लिंबाखाली बसलीय, पंधरा लेकरायच्या तोंडात. ढोल भाईर आणा."

"आन् गाणार कोण? तू?"

"मी न्हाई. संस्कृती गाईल. तुमी बाप्यांनी झील धरा."

आवारात एकदोघे उठून तावातावानं बोलू लागले, पण बोलून ओवी पुढं सरकत नव्हती. राधाकिशन लिंबाखाली आला. स्वतःच्या गळ्यातला ढोल काढून त्यानं भाचीच्या लेकीच्या गळ्यात घातला आणि तिच्यासमोर मातीत मांडी घातली. मग एकेक जण आला. सगळ्यांत शेवटी सटवातात्या, भर उन्हात, कारण सावलीची जागा पोरांनी आधीच धरली होती.

संस्कृतीनं ढोल घुमवला. एकतिसावी जागा, बत्तिसावी, तेहतिसावी. बाप्यांची झील उठली. तात्या मात्र ओठातल्या ओठात पुटपुटत होते.

कडूबाई त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. "तात्या, मोठ्यानं म्हणा. लेकरायला ऐकू येत न्हाई."