डॉक्टरांच्या मोटारीचं तेल

मोटारीच्या इंजिनाखाली तेलाची परात असते. गाडी चालत राहते, आणि परातीच्या तळाला गाळ बसत जातो. कोणी मुद्दाम बसवत नाही. माझ्या किश्शांचंही तसंच झालं. शहापूरच्या एका डॉक्टरांची मोटार मी वीस वर्षं हाकली, तेवढ्यात ते आपोआप साचले. आता ओट्यावर चार मंडळी टेकली, की कोणीतरी म्हणतंच, "गणूदादा, ते तेलाचं सांगा ना." मग बूच काढावं लागतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी डॉक्टरांनी जुनी, कापडी टपाची मोटार घेतली. शहापूर ते मुरबाड आजाऱ्याच्या दाराशी जाणारी तेवढी एकच गाडी. तेल बदलायला कल्याणला नेली, की तिथले मिस्त्री चार दिवस ठेवून घेत. त्या चार दिवसांत कोणाला साप चावला तर काय करायचं? म्हणून डॉक्टरांनी ठरवलं, तेल घरीच बदलायचं.

मी आधी बैलगाडी हाकत होतो. शाळेची पायरी चढलो नव्हतो. अक्षरं शिकलो ती केस पिकल्यावर. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गणू, तेलापायी इंजिन एकदा जॅम झालं, तर मी कल्याणहून शिकलेला ड्रायव्हर आणीन. मग तोंड पाडून उभा राहू नकोस." घरी बायको, दोन पोरं, आणि शेत म्हणाल तर दुसऱ्याचं. तेव्हापासून देवाला एकदा हात जोडायचो आणि त्या तेलाला दोनदा!

*

पहिल्या खेपेची गंमत. दवाखान्यामागे पाण्याचा जुना, कोरडा पडलेला पाट होता. पाटाच्या दोन्ही कडांवर चाकं घेऊन मोटार उभी केली. डॉक्टर पाटात गोणपाट टाकून उताणे निजले, छातीवर इंग्रजी पुस्तक. पुस्तकात लिहिलेलं, बूच डावीकडे फिरवा. आता बसलेल्या माणसाचं डावं, का निजलेल्याचं, हे काही ठरेना. अर्धा तास पाना फिरवून त्यांनी ते बूच असं घट्ट केलं, की आता ते सरकार आलं तरी निघेना.

मी म्हटलं, "डॉक्टर, एकदा उलटं बघू का?"

उलटं फिरवलं, आणि सगळं तेल एकदम खाली आलं. पुस्तकावर, धोतरावर, डॉक्टरांच्या तोंडावर. नुसते डोळे पांढरे राहिले. तेवढ्यात मुरबाडकडचा एक पेशंट आला. त्याने पाटातून वर येणाऱ्या त्या काळ्या माणसाला विचारलं, "डॉक्टर हायेत का रे?"

डॉक्टर म्हणाले, "नाहीत. आंघोळीला गेलेत. बस."

*

बुधा गाडीवान माझा जुना दोस्त. तेल बदलायच्या दिवशी तो हटकून यायचा आणि पाटाच्या कडेला बसून आम्हाला नावं ठेवायचा. त्याच्या बैलगाडीच्या आखाला तो रोज वंगण लावी. आमचं तेल तीन महिन्यांनी बदलतं हे ऐकून त्याला फार वाईट वाटलं.

"तीन महिने उपाशी?" तो म्हणाला. "आणि म्हणं डॉक्टरची गाडी!"

*

तेल गरम असलं, की गाळासकट खाली येतं. गार तेल आळशी. म्हणजे आधी इंजिन तापवायला हवं. पण लढाई लागल्यावर पेट्रोल मापून मिळायला लागलं. नुसतं इंजिन तापवायला पेट्रोल जाळणं डॉक्टरांच्या जिवावर येई. मग त्यांनी तोड काढली. तेल बदलायच्या दिवशी सकाळी सापगावला चक्कर मारायची आणि दिसेल त्याला तपासायचं.

एकदा एक धडधाकट शेतकरी भात भरलेल्या पेंढ्याच्या मुडीवर बसून विडी ओढत होता. डॉक्टर उतरले आणि म्हणाले, "जीभ दाखव."

तो घाबरला. "मला काय झालंय?"

"तुला काही नाही रे. गाडीचं तेल बदलायचंय."

त्याने निमूट जीभ दाखवली. पुढे सापगावात रीतच पडली. न बोलावता डॉक्टर दिसले, की बायामाणसं काम टाकून जिभा काढून उभी राहायची. त्यात दोघातिघांचे खरे आजारही सापडले, ते वेगळं.

*

तेल गाळायला इंजिनाजवळ एक डबी होती. फिल्टर. तिच्यात कापडाची पिशवी. ती कुजली, आणि लढाईत नवी मिळेना. डॉक्टरांच्या मंडळींना आम्ही वहिनी म्हणायचो. त्यांनी जुनी पिशवी उसवून माप घेतलं, आणि आपल्या जुन्या लुगड्याची तशीच नवी शिवून दिली. बारीक टाके, दुहेरी शिवण. डॉक्टर चार दिवस येईल त्याला ती शिवण सांगत होते, आणि फिल्टरचं झाकण उघडून दाखवायला मला लावत होते.

पुढे ब्रेकच्या कामाला गाडी कल्याणला न्यावी लागली. मिस्त्रीने सहज फिल्टर उघडला. आत हिरवं इरकल, लाल काठ. तो बराच वेळ बघत राहिला. मग मला हळूच म्हणाला, "बाकी साज कुठंय रे हिचा?"

*

लढाईच्या मधल्या दिवसांत तेलच मिळेना झालं. डॉक्टरांनी कुठेतरी वाचलेलं, की विमानाच्या इंजिनाला एरंडेल चालतं. दवाखान्यात एरंडेलाचे डबे होते, पोट साफ करायचे. घातलं. गाडी चालली झकास! पण धुराला वास कसला? एरंडेलाचाच.

मुरबाडच्या बाजारात गाडी उभी केली. समोरच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. आठवड्यापूर्वीच डॉक्टरांनी त्यांना मोठा डोस दिलेला. वास नाकात गेला मात्र, त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि दुकानदाराकडे तांब्या मागितला.

पुढे त्या एरंडेलाची इंजिनात खळ झाली. रॉकेलने धुता धुता माझे दोन दिवस गेले. एरंडेलाचं नाव परत काढायचं नाही, असा डॉक्टरांनी हुकूमच केला.

*

आता शेवटचं.

मोटारीतून काढलेलं काळं तेल गावात वाया जात नसे. कोणी आखाला घाली, कोणी घराच्या लाकडी मेढींना फासून वाळवी मारी. अकरा घरांचे वाटे ठरलेले. बुधाला अर्धा शेर, ठकीआजीला नारळाची एक नरोटी, असं सगळं माझ्या डोक्यात. लिहायला येतं कोणाला?

त्या खेपेला नवा डबा मी कल्याणहून आणला. नेहमीचा लाल डबा, रंगावरून ओळखायचा. रिवाजाप्रमाणे जुनं तेल काढलं, वाटून टाकलं, आणि डबा फोडला. डॉक्टर वास घेऊन थबकले. डबा फिरवून अक्षरं वाचली.

"गणू," ते म्हणाले, "हे जवसाचं आहे. दारं रंगवायचं."

असलं तेल तापलं, की चिकटून बसतं, आणि इंजिन जॅम. आणि अशात उंबरमाळीकडच्या पाड्यावरचा माणूस धापा टाकत आला. त्याची बायको दोन दिवसांपासून अडलेली. डॉक्टरांनी मला इतकंच विचारलं, की जुनं तेल कुठे आहे. मी गावाकडे हात केला.

घागर घेऊन मी दारोदार पळालो. कोणी पुरतं ऐकूनही घेतलं नाही, आधी भांडं उपडं केलं. ठकीआजीची निम्मी मेढ फासून झाली होती. उरलेलं तिने घागरीत ओतलं आणि म्हणाली, "बाई अडलीय तिकडं. माझी मेढ खाऊ दे वाळवीला." बुधाने आखाला घातलेलं. त्याने चाक उतरवलं आणि आख बोटाने निपटून निपटून ओंजळभर तेल आणलं.

सगळं दोनदा गाळलं आणि इंजिनात घातलं. तेल मापायची पट्टी बुडवून पाहिली, तर खुणेपेक्षा बोटभर कमीच. निघालो. साऱ्या वाटेत मी रस्ता पाहिला, पण ऐकलं फक्त इंजिन. जॅम झालं असतं तर माझी भाकरी गेली असती, आणि ती बाई गेली असती.

दिवेलागणीला झोपडीतून तान्ह्या पोरीचं रडणं ऐकू आलं. डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "दोघी सुखरूप. पट्टी बघ." मी बघितली. होतं तेवढंच होतं. परतीच्या वाटेवर ते एवढंच बोलले, "नवा डबा मी स्वतः आणीन. ते तेल घालून झालं, की आपण बोलू."

काय बोलणार, ते मला कळलं होतं. बायकोला सांगून ठेवलं.

आठव्या दिवशी डबा आला. मी बूच काढलं. बघतो तर अकराही घरची माणसं भांडी घेऊन रांगेत हजर. तेल त्यांनी उसनं दिलेलं, ते परत हवं होतं. मी आठवून आठवून ओतत गेलो. ठकीआजीचं मेढीला लागलेलं वजा, बुधाचं आखात राहिलेलं वजा. ज्याने त्याने भांड्यात बघितलं, मान डोलावली आणि पुढे सरकला.

डॉक्टर पायरीवर उभे राहून सगळं बघत होते. मग आत गेले. मला वाटलं, आता पगार हातावर ठेवून घरी पाठवणार. बाहेर आले ते औषधाची रिकामी बाटली घेऊन, आणि रांगेत बुधाच्या मागे जाऊन उभे राहिले.

त्यांची पाळी आली. मी खाली मान घालून विचारलं, "तुमचा वाटा किती, डॉक्टर?"

"ही बाटली," ते म्हणाले. "दवाखान्याचं दार करकरतं. दर तीन महिन्यांनी करकरतं. लक्षात ठेव."